पारड्यावरचा अंगठा

एरंडवण्यात, दंतवैद्याच्या दवाखान्यावरचा हॉल.
दर गुरुवारी सहा टेबलं, चोवीस माणसं
आणि मी, जो खेळत नाही.
मला कुणी नावाने हाक मारत नाही.
एक हात वर होतो, "डायरेक्टर!" असं ऐकू येतं,
आणि चहाचा कप कुठे ठेवला ते मी विसरतो.

त्या दिवशी चौथं टेबल.
केरसी दारूवालांनी चार बदाम उघडले.
हसबनीस थांबले.
किती थांबले, यावर चार माणसांची चार घड्याळं.
केरसी म्हणाले, अर्धा मिनिट.
हसबनीस म्हणाले, चष्मा पुसला फक्त.
पण हात पेटीकडे गेला होता,
लाल डबलला बोट लागलं होतं,
मग हिरवा पास आला, दबक्या पावलांनी,
उशिरा घरी येणाऱ्या मुलासारखा.
फिरून बोली समोर आली,
आणि शैलजाबाई ओगले म्हणाल्या, चार इस्पिक.
दहा हात झाले.
अकरावा केरसींचा, वर.

भागीदार थांबला,
तर ते थांबणं ऐकूच आलं नाही असं वागायचं.
कान असलेल्या माणसाला हा नियम पाळता येतो का,
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी पुस्तक उघडलं.
हसबनीसांनी बोर्ड भिरकावला. पत्ते फरशीवर,
चौकटची राणी केरसींच्या बुटाखाली.
"एकावन्न वर्षं खेळतोय मी!
तू कोण रे, काटे तपासणारा?"

खरं आहे. नोकरीत मी काटेच तपासले.
वजनमापे खातं, एकोणतीस वर्षं.
भवानी पेठेत गुळाच्या ढेपा, मार्केट यार्डात कांदा.
पारड्याच्या तळाला चिकटवलेली चिंच
मी नखाने खरवडून काढलेली आहे.
गिऱ्हाइकाशी बोलता बोलता
पारड्यावर टेकलेला अंगठा
मला दुकानाच्या पायरीवरून दिसायचा.

मी निकाल दिला.
चार इस्पिक रद्द, चार बदाम कायम,
वर बेशिस्तीचा दंड.
हॉल गप्प झाला. मला बरं वाटलं.
हे लिहायला नको, पण वाटलं.

रात्री दोनला उठून त्या डावाचा कागद काढला.
शैलजाबाईंकडे सात इस्पिक, एक्का राजा गुलाम,
आणि बदामाचं एकही पान नाही.
अशी पानं घेऊन पास कोण म्हणेल?
हसबनीस थांबोत, न थांबोत,
खोकोत, डुलकी काढोत,
बाई चार इस्पिकच म्हणाल्या असत्या.
मी पानं पाहायची होती. तोंडं पाहिली.
पत्ते फेकले, त्याचं वजन वेगळं करायचं होतं.
मी दोन्ही एकाच पारड्यात टाकलं
आणि वर, बोलता बोलता...

दुरुस्तीची मुदत शुक्रवारी पाचपर्यंत.
आधी केरसींना फोन केला.
"अपील करणार," ते म्हणाले. "कमिटीत कोण आहे?"
म्हटलं, "तुम्हीच आहात."
ते हसले नाहीत.

मग हसबनीस.
"डाव तुमचा तुम्हाला परत," मी म्हणालो,
"चूक माझी होती. दंड मात्र तसाच राहील."
पलीकडे कुकरची एक शिट्टी.
मग काहीच नाही.
किती वेळ, ते सांगत नाही,
घड्याळ समोर होतं तरी.
थांबण्यावरून काही अर्थ काढायचा नाही.
फोन कानाला घट्ट लावून
मी नियम पाळत राहिलो.