चार जीबीत समुद्र

आधी हिरव्या रेघा आल्या,
मग गुलाबी चौकोन,
मग काही नाही.
पंखा मात्र फिरत राहिला,
घरातलं माणूस गेल्याचं न कळलेल्या पाहुण्यासारखा.

रऊफभाई परकारांच्या घराला
तेव्हा छप्पर चढायचं बाकी होतं.
कुवेतहून त्यांचा निरोप फोनमध्ये तसाच:
"ताई, सज्ज्यातनं दर्या दिसला पायजे. सगळा."

दापोलीला दिगंबर भुवडने कार्ड उलटं केलं,
नखाने खरवडलं.
नखाखाली हिरवट पूड.
"खार," तो म्हणाला. "धक्क्यापासून किती लांब तुझं दुकान?"
म्हटलं, दीडशे पावलं.
"मग चार वर्षं टिकलं हेच उपकार."
गरम हवेखाली धरून त्याने ते उठवलं.
एक संध्याकाळ जगलं,
आणि अठ्ठेचाळीस टक्क्यांवर पुन्हा गेलं.

वहीच्या मागच्या पानावर:
भिशीचे पाच हजार.
जेटस्कीवाल्याच्या बोर्डाचे अठराशे, येतील तेव्हा.
सासूबाईंना न सांगता ठेवलेले दोन.

मुंबईचा एक जण सात हजारात देत होता
मोठं, ताकदवान, बिल नाही.
फोटोत चकचकीत.
"हे दोन वर्षं कुठेतरी दिवसरात्र नाणी खणत होतं,"
भुवड म्हणाला,
"गाभण म्हणून भाकड म्हैस विकतात, त्यातलं.
आणि तुझा पॉवर सप्लाय साडेतीनशेचा.
हे लावलंस तर वादळाच्या आधी तूच घालवशील
दाभोळची वीज."

दुसरं नवं. पंजाएवढं.
वेगळी वायर मागत नाही,
बोर्डाकडून मिळेल तेवढ्यावर भागवतं.
तीन वर्षांची वॉरंटी, मेमरी चार जीबी,
आठ हजार सहाशे.
चालेल ना, मी विचारलं.
"चालेल. धावणार नाही."

एसटीच्या पार्सलात आलं.
खोक्यातली ओल शोषणारी पुडी
मी कॅबिनेटच्या आत चिकटपट्टीने लावली.
खाराशी माझं युद्ध एवढंच.

घर उभं राहिलं.
जांभा बसला, कौलं बसली, झोपाळासुद्धा.
समुद्र बसेना.
प्रत्येक लाटेत आकाश, आकाशात परत लाट,
आणि मेमरी भरल्याची तांबडी चौकट.
होड्या काढल्या. मग चकाकी.
मग अर्ध्या लाटा.
दर्या निळ्या ताडपत्रीएवढा उरला,
तोही बसेना.

रात्री साडेबाराला आठवलं,
त्या जागेवर मी गेले होते वैशाखात, टेप घेऊन.
गडग्यावर चढून, मोबाईल उंच धरून
सज्ज्याच्या उंचीवरचे फोटो काढले होते.
शोधले.
तिथून दर्या दिसतच नाही. मध्ये टेकडी आहे.
दिसते ती बाव, रहाट मोडलेली,
एक फणस,
आणि कुणीतरी वाळत घातलेली जाळी.

तेच काढलं.
चार तास म्हणाला, सात घेतले.
मी टेबलावर डोकं ठेवून झोपले,
कानाशी त्या लहानग्याचा पंखा.
पहिल्या फेरीबोटीचा भोंगा झाला
तेव्हा फणसाची शेवटची सावली पडत होती.

पाठवलं.
दोन निळ्या खुणा, आणि दिवसभर काही नाही.
आठ हजार सहाशे मी मनात तीनदा परत मोजले.

रात्री कुवेतहून आवाज आला.
"ताई, त्या बावीचं पाणी..."
मग बराच वेळ नुसता त्यांच्याकडचा एसी.
"तेवढा रहाट नीट करा चित्रात.
दर्या राहू दे."

राहू दे म्हणजे ठेवू, की नको,
मी विचारलं नाही.
रहाट केला. दोरीसकट.
बसला.