लँटी बर्केटची बटणं

शहात्तर ते नव्वद, चौदा हिवाळे
लँटी बर्केटनं पुढच्या फळीत काढले.
रग्बी लीग : तेरा माणसं, सहा टॅकल,
आणि समुद्राकडून येणारं आडवं पाणी,
ज्याला कंब्रियाच्या किनाऱ्यावर पाऊस म्हणत नाहीत,
"जरा ओल आहे" म्हणतात.

आठवडाभर तो पोलादाच्या कारखान्यात रूळ मोजायचा.
रविवारी आठ नंबर.
नाक तीनदा मोडलं. तिसऱ्यांदा
त्यानं ते स्वतःच बसवलं, गाडीच्या आरशात बघून,
आणि बायकोला म्हणाला, आधीपेक्षा बरं दिसतंय.

बोटांचं मात्र जमलं नाही.
मोडलेलं बोट चिकटपट्टीनं शेजारणीला बांधायचं
आणि खेळत राहायचं, ही तेव्हाची वैद्यकी.
दहांपैकी सहा बोटं
आता ज्या दिशेला बघतात तिकडे काहीच नसतं.
म्हणून शर्टाची बटणं थोरा लावायची,
खालून वर,
शेवटचं उघडं ठेवून. मान तिथं मावत नसे.

मग तो प्रशिक्षक झाला. म्हणजे
तोच माणूस, फक्त कोरडा.
रेषेबाहेर उभा, हात खिशात,
आणि आमच्यातला कुणी भिडला की
त्याचा उजवा खांदा आपोआप खाली जायचा,
दर टॅकलला, ऐंशी मिनिटं.
सामना संपल्यावर तोच जास्त ठेचलेला दिसे.

व्यूहरचना वगैरे फळ्यावर असायची, अर्धी पुसलेली.
शिकवायचा एवढंच :
पडणं कुणालाही येतं.
तिघं छातीवर आहेत, तोंडात चिखल आहे,
ऊठ. चेंडू खाली ठेव. पायानं मागे सरकव.
मागे आपला माणूस आहे का, ते बघत बसू नकोस.
असतो.

मी एकोणीस वर्षांचा.
उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी त्यानं मला
बॉयलरच्या खोलीत बोलावलं, जर्स्या वाळत असायच्या तिथं.
"उद्या तू नाहीस, गॅव्हिन."
का, विचारलं.
तो बराच वेळ एक ओली बाही पिळत राहिला.
"चेंडू हातात आला की तू आधी वर बघतोस.
प्रेक्षकांत. कोण आलंय ते."

खरं होतं.
बाप कधीतरी येईल म्हणून बघायचो.
हे त्याला ठाऊक होतं.
तरी वगळलं. आणि वर हरलोही, अठ्ठावीस-सहा.

अकरा वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही.
एकच गाव, एकच बेकरी, एकच रांग,
सोपं नसतं ते. मेहनत लागते.
त्या काळात क्लबनं त्याला काढलं,
पार्किंगमध्ये; अध्यक्ष गाडीतून उतरलासुद्धा नाही.
रूळांचा कारखाना बंद झाला.
चर्चमागच्या उतारावर तो दहा वर्षांच्या पोरांना शिकवू लागला,
आधी मेंढ्या हाकलायच्या, मग सराव.
मी लांबून जाताना ऐकायचो :
ऊठ. ठेव. सरकव.

फेब्रुवारीत थोरा गेली.
रात्री फोन वाजला. पलीकडे नुसता श्वास,
तीनदा मोडलेल्या नाकाचा, म्हणून ओळखला.
"उद्या तू आहेस," म्हणाला. ठेवला.

खांदा द्यायला सहा जण लागतात.
सकाळी गेलो तर हा स्वयंपाकघरात उभा,
इस्त्रीचा पांढरा शर्ट, पुढून सगळा उघडा,
पाच माणसं चहाचे कप धरून दुसरीकडे बघतायत.
मी खालून सुरुवात केली.
त्याच्या छातीवरचे केस पांढरे झाले होते,
लिनिमेंटचा वास तोच.
"वरचं राहू दे."
"माहितीय."

बाहेर त्यानं आम्हाला उंचीप्रमाणे उभं केलं,
मला पुढे डावीकडे, स्वतः उजवीकडे,
खांदा आधीच खाली गेलेला.

चर्चच्या पायऱ्यांवर लोक उभे होते, पुष्कळ.
मी एकदा वर बघितलं.
तो काही बोलला नाही.