एक जून

शाळा मंजूर झाली ती कागदावर,
दोन खोल्या, एक व्हरांडा, एक हातपंप.
पाड्यावर मात्र नुरजीचा गोठा.
त्याने बैल बाहेर बांधले, जमीन सारवून घेतली,
आणि दाराची फळी उपसून दिली,
म्हणाला, हिच्यावर लिहा, चोर तसाही इथवर चढत नाही.

पहिल्या दिवशी एकोणीस पोरं.
दाखल रजिस्टर मांडीवर घेतलं.
नाव. बापाचं नाव. जन्मतारीख.
तिथेच पेन अडलं.

वेस्ती म्हणाली, हा ना, महू उशिरा गळला त्या सालचा.
पहाटे वेचायला गेले टोपली घेऊन,
परतले तर टोपलीत हा.
उखड्याचा बाप म्हणाला,
भोंगऱ्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी,
ढोल अजून गरम होते.
रुमली म्हणाली, धरणाचं पाणी खालच्या शेतात आलं, तेव्हाची.
तेव्हा म्हणजे कधी?
तिने हात कमरेशी धरला.
एवढं पाणी असताना.

रेंजसाठी टेकडी चढले.
केंद्रप्रमुख पलीकडून म्हणाले,
एक जून टाका मॅडम, सगळे टाकतात.

टाकला.
एकोणीस वेळा, एकाच निळ्या शाईने.
साल ठरवलं दात बघून,
डोक्यावरून घेतलेला हात पलीकडच्या कानाला पोचतो का ते बघून.
संध्याकाळी रजिस्टर मिटलं तेव्हा
अख्खा पाडा एकाच दिवशी जन्मला होता
आणि मोहाच्या, ढोलाच्या, पाण्याच्या तारखा
कुठल्याच रकान्यात बसल्या नव्हत्या.

माझीही एक जूनच आहे.
पांझरेकाठच्या शाळेत बाप म्हणाला होता,
लिखी टाका गुर्जी, काय बी.
मायला विचारलं की ती सांगायची,
दादर कापनी चालू व्हती, तवय तू व्हयनी.
पुढे धुळ्याला डीएडला माझ्या ‘शे’वर वर्ग हसला,
मी ‘आहे’ शिकले, घट्ट, कपाळावर आठी घालून.

तेच ‘आहे’ घेऊन इथे आले.
फळीवर ‘आई’ लिहिलं,
पोरं फळीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
तीन दिवसांनी खाली ‘याहा’ लिहिलं.
मागून गिंबी बोलली,
एवढ्या मोठ्यानं की बाहेरच्या बैलाने मान वळवली.

दिवाळीनंतर ट्रक आला.
तांदळाच्या पोत्यांशेजारी माणसं,
माणसांच्या मांडीवर कोंबड्या.
गिंबी मागच्या फळक्याशी उभी, कडेवर भाऊ,
कोयते तिच्या पायाशी गोणपाटात बांधलेले.
बारडोलीकडे ऊस उभा होता.
मी लाल शाईने लिहिलं, दीर्घ गैरहजर.
गोठ्यात सात उरले. सातांना बाकं पुरली,
बाकं नव्हतीच म्हणा.

होळीच्या आठवडाभर आधी ती परत आली.
हात उसाच्या पात्यांनी रेघारेघांचे.
बिडी-बंडलाचा कागद काढला, घामाने मऊ झालेला.
आत पेन्सिलीने, एक अक्षर दुसऱ्यावर चढलेलं,
१७ फेबरवारी.

काट्याच्या केबिनमध्ये कॅलेंडर होतं, ती म्हणाली,
गुजरातीत, पण सतरा सारखाच असतो.
महिना डायव्हरला विचारला.
मुकादम झोपला होता.

कुणाची गं?

पाठीवरची झोळी तिने पुढे घेतली.
हिची. मोळ्यांच्या आडोशाला झाली.
हिला एक जून टाकू नका.

पोरीला शाळेत यायला सहा वर्षं आहेत.
तोवर मी इथे असेन की नाही, बदलीचं बदलीला ठाऊक.
कागद रजिस्टरच्या शेवटच्या पानाला टाचला,
पिन नव्हती, बाभळीचा काटा लावला.

मग झोळी गोठ्याच्या आडूला बांधली
आणि हजेरी घेतली.

गिंबी दोनदा हजर म्हणाली.