खारं की गोडं

बारमथच्या त्या अरुंद दुकानात गेथिनने
आधी बजेट विचारलंच नाही.
"पाणी कुठलं? खारं की गोडं?"
दोन्ही, मी म्हटलं. सोमवारी समुद्र, गुरुवारी तळं.

मग हे नको. याची नुसती थाळी भिजलेली चालते,
वरचा डबा भिजला की कारभार आटोपला.
हे दुसरं तळ्यात गुणी,
पण ओल्या खाऱ्या वाळूवर टेकवलं
की खाली काही नसताना बडबडत सुटतं.
आमचे नानाकाका आठवले, लग्नघरातले.

तिसरं तीन मीटर बुडतं,
मीठ त्याला फसवत नाही.
त्याने हेडफोन पुढे केले.
मी कानातलं मशीन काढून काउंटरवर ठेवलं
आणि अख्खं दुकान बंद पडलं.
त्याचे ओठ हलत राहिले.

जरा थांबून त्याने यंत्राची मूठ माझ्या हातात दिली,
खिशातली किल्ली थाळीखालून नेली.

तळव्यात फुरफुरलं काहीतरी,
मुठीत नाकतोडा धरावा तसं.

किंमत मी कागदावर लिहून मागितली.
जास्तच होती.
किल्ली परत एकदा फिरव, मी म्हटलं,
बहुधा जरा मोठ्यानेच.