रफार

एकतीस जुलै, रात्रीचे साडेआठ.
पहाटे बंदी उठणार. साखरीनाट्याच्या जेटीवर
दोन महिने निजलेल्या होड्यांची झापं उतरलेली,
आणि सोसायटीच्या पावतीवर
'बर्फ'मधला रफार गेल्या हंगामापासून गायब.
बफ : चाळीस लाद्या.
चेअरमन पड्यार म्हणाले,
"मयेकरबाई, तेवढा एक घाला ना डोक्यावर."

तेवढा एक.

घातला. बिल्ड लावला, चहा ठेवला.
चहा उतू जायच्या आत
पडदा लाल.

चूक मी न लिहिलेल्या ओळीत,
नावही न ऐकलेल्या फाइलीत.
माझी पावती एका लायब्ररीच्या भरवशावर,
ती दुसरीच्या, दुसरी तिसरीच्या,
आणि तिसरीतलं एक जुनं फंक्शन
कुठल्याशा देशात कुणीतरी
मंगळवारी दुपारी काढून टाकलेलं,
कुणी वापरत नसेल म्हणून.
आम्ही वापरत होतो. एकशे बारा होड्या.

त्याला तरी काय बोलू?
यादीत प्रत्येक आकड्याआधी
मीच एक छोटी टोपी ठेवलेली : ^
अर्थ, हे किंवा यापुढचं, जे येईल ते चालेल.
तीन वर्षांपूर्वी मला तो अर्थ
उदार वाटला होता.

शेजारी दाऊद सोलकरांच्या गाळ्यात दिवा.
'नूरजहां'चं इंजिन उघडं,
हातात नवाकोरा बोल्ट, मांडीवर तेलकट वही.
एका होडीला एक पान :
गॅस्केट किती जाड, बोल्टाचे आटे किती,
कुठल्या दुकानातून, कुठल्या तारखेला.
"तोच नंबर, तीच कंपनी," म्हणाले,
"पण आटे बघ. बारीक केलेत.
वर खोक्यावर लिवलंय, सुधारित."
बोल्ट खोक्यात टाकून त्यांनी
जुन्यांच्या डब्यात हात घातला.

माझ्याकडेही वही होती की.
मशीन दर वेळी आपणहून लिहायचं,
नेमकं काय बसवलं, शेवटच्या ठिपक्यापर्यंत,
आणि मी तिला केर समजून
रिपॉझिटरीच्या उंबऱ्याबाहेर ठेवत आले.

कपाटात, जुन्या लॅपटॉपवर,
मार्चमधली एक प्रत सापडली. बॅटरी फुगलेली,
पण वायरवर चालला.
रात्री एकला टोप्या उतरवायला घेतल्या.
त्रेचाळीस.
४.२.१ म्हणजे ४.२.१.
वही आत घेतली.
हिरवं झालं तेव्हा ओरडावंसं वाटलं नाही,
करपलेलं चहाचं भांडं घासत बसले.

सोलकर हात पुसत दारात आले.
सांगितलं, सगळं आवळून टाकलं.
"बरं केलंस.
पण हंगाम संपला की एकेक सोडव.
तेल दे, नवा बसतो का बघ,
बसला तर वहीत लिव.
नायतर या खाऱ्या हवेत तिथंच धरेल,
मग छिन्नीशिवाय निघायचा नाय."
मी मोबाइलमध्ये जूनची एक तारीख टाकली.
पाळेन की नाही, देव जाणे.

साडेचारला पहिली पावती निघाली.
बर्फ : चाळीस लाद्या.
तांडेलाने ती न वाचता घडी घातली,
कानटोपीत खोचली
आणि विचारलं,
"डिझेलची कुठाय?"