तीन पौंड

काटा गाडीच्या बाहेर होता,
काचेवर, वायपरच्या जरा खाली,
जखमेवर लावतात त्या चिकटपट्टीने बांधलेला.
आत नाही घ्यायचा, फर्गोज मिस्त्री म्हणाला,
नळी सुटली तर पेट्रोल मांडीवर.
पंप आणि सोलेक्सच्या मधे त्याने पितळेचा टी बसवला,
काळी नळी बॉनेटच्या फटीतून वर काढली
आणि बाबांना सांगितलं, साहेब, तुम्ही रस्ता बघा.
काटा पोरगी बघेल.

म्हणून मी. वय अकरा, पुढची सीट,
पायाखाली पान्यांची पिशवी.

फियाट एकोणसत्तरची, आमच्याकडे तिसऱ्या हाताने आलेली.
सपाटीला शहाणी, चढावर गुदमरायची.
पंप नवा घातला होता. वाटीतली सुई, जेट,
सगळं रॉकेलमध्ये धुऊन पेपरवर वाळत घातलं होतं,
तरी चढ आला की आधी एक खोकला
आणि मग हातपाय गाळणं.

बाबा कस्टममध्ये. दिवसभर लोकांना पेट्या उघडायला लावायचे
आणि घरी येऊन पेपर उघडायचे.
किती?
तीन.
आता?
तीनच.
माझगावपासून नागपाड्यापर्यंत एवढंच,
आणि एवढं आम्ही आधी कधी बोललो नव्हतो.
सिग्नलला थांबलो की ते स्टिअरिंगवर वही टेकवून
गिअर, वेग, पौंड असे तीन रकाने भरायचे.

अट अशी होती: दोनच्या खाली गेला तर परत फिरायचं.
आणि मला महालक्ष्मीला घोडे बघायचे होते,
सकाळच्या फेरीनंतरचे, घामाने काळे झालेले.

केम्प्स कॉर्नरच्या पुलावर काटा थरथरला.
लगेच पडला नाही,
डाळ उकळताना झाकण थरथरतं तसा.
मग अडीच. दोन.
पेडर रोडचा चढ लागला तेव्हा दीड.
किती?
तीन, मी म्हणाले.

शंभर पावलांवर गाडी मेली.
मागे लाल डबलडेकर, तिच्या मागे सगळी मुंबई,
हॉर्नवर हात ठेवून.
बाबांनी उतरून चाकामागे दगड लावला,
काचेसमोर उभे राहून काट्याकडे पाहिलं,
आता तो शून्यावर,
मग माझ्याकडे.
आत बसून वहीत लिहिलं: चढ, दुसरा, ३.
आणि शेजारी, कचेरीच्या बारीक अक्षरात,
शर्वरीच्या सांगण्यावरून.

ती वही वाचून फर्गोजने सोलेक्स पुन्हा उघडला.
तीन येतंय ना इथवर? मग दोष ह्याच्यातच.
दोन संध्याकाळी तो त्या वाटीत डोळे घालून बसला.
तिसऱ्या संध्याकाळी मी डॉकयार्ड रोडला एकटी गेले
आणि त्याला खरं सांगितलं. बाबांना नाही.

तो ओरडला नाही. एवढंच विचारलं,
नुसता पडला, की थरथरून पडला?
थरथरून.
हे आधी सांगायचं, बाय. आकडा राहू दे.
गोणपाट टाकून तो गाडीच्या मागच्या बाजूला शिरला
आणि टाकीजवळची वीतभर रबरी नळी घेऊन बाहेर आला.
वाकवून दाखवली: क्लिपखाली केसाएवढी चीर.
इथून पेट्रोल बाहेर नाय येत, म्हणून डाग नाय.
पंप ओढतो ना, तेव्हा हवा आत जाते.
वरून कोणाला काय दिसणार?

नळी बदलली. गाडी पेडर रोड
तिसऱ्या गिअरमध्ये चढली.
घोडे त्या दिवशी पाहिले का, आठवत नाही.

आता काढू ना काटा? फर्गोजने विचारलं.
राहू दे, बाबा म्हणाले, पुढच्या रविवारी बघू.
पुढच्या रविवारी वरळी. त्याच्या पुढच्या रविवारी
शीव ओलांडून ठाण्याच्या खाडीपर्यंत,
चिकटपट्टीच्या कडा काळ्या झालेल्या,
इंजिन ठणठणीत, रस्ता ताटासारखा सपाट,
आणि ते समोर बघत विचारायचे,
किती?