बावीस

दर जुलैत तळघरातल्या आमच्या फार्मसीत
एक नवा रेसिडेंट येतो.
पदवी झालेली असते, मोठ्यांच्या वॉर्डांतलं एक वर्षही,
आता हे दुसरं वर्ष फक्त लहानांचं.
मी तंत्रज्ञ. ऑस्मो. सव्वीस वर्षं सिरिंजा भरतोय.
समारंभात माझं नाव कुणी घेत नाही,
पण कोण टिकणार ते मला ऑगस्टपर्यंत कळतं.

यंदाची पा हुआ शिऑंग. सेंट पॉलची.
आईबाप शनिवारच्या बाजारात मिरच्या विकतात.
पहिल्या दिवशी रौटिओबाईंनी
तिच्या हातात पाण्याची बाटली दिली.
"ही अर्ध्या लिटरची. वर एक मुलगी आहे, हिच्याहून जराशी जड.
बोल, किती मिलिग्रॅम?"
पा हुआनं बाटली बराच वेळ धरून ठेवली.
बोलली नाही.
मी मनात एक खूण केली.

मग सुरू झालं टिंबांचं वर्ष.
टिंबाआधी शून्य लिहायचं, नंतर लिहायचं नाही.
टिंब सरकलं की दहापट,
आणि दहापट म्हणजे काय ते रौटिओबाई सांगत नाहीत,
चष्मा काढून पुसतात फक्त.
मोठ्या माणसासाठी घडवलेली गोळी
कुटायची, पाकात घोळायची,
तिळासारखी सात जणांत वाटायची.
'मुलांवर अभ्यास झालेला नाही' असं ज्यावर छापलंय
तेच द्यायचं,
कारण दुसरं नसतं.
चेरीची चव कुणालाच आवडत नाही
हे पुस्तकात नाही,
तिच्या एप्रनवर आहे.

डिसेंबरात ती फ्रीजमागे रडली एकदा.
मी दार उघडं धरून उभा राहिलो,
मोटरची घरघर मोठी व्हावी म्हणून.

मार्चअखेरची रात्र. तळ्यावरचा बर्फ कडकड मोडत होता.
खाणींकडच्या गावातून एक पोर आलं, तापानं फणफणलेलं.
ऑर्डर खाली आली: जेंटामायसिन. वजन बावीस.
संगणकानं गुणाकार केला, हिरवी खूण दिली.
गुणाकार बरोबर होता.
मी सिरिंज उचलली.

"ऑस्मो, थांब."
तिचं बोट स्क्रीनवर. वय चौदा महिने.
"माझा भाऊ पहिलीत गेला तेव्हा बावीस होता."

डॉक्टरचा आवाज फोनबाहेर मलाही ऐकू आला.
ती "हो, हो" म्हणत राहिली
आणि जिना चढली, चार मजले,
लिफ्टची वाट न बघता.
आजोबांनी पोराचे बूट काढले, लोकरीची टोपी काढली,
काट्यावर ठेवलं.
दहा.
तिकडच्या नर्सनं पौंडांत लिहिलं होतं.
रस्त्यात कुठेतरी पौंड गळून पडला,
आकडा तेवढा पोचला.

अर्ध्याहून कमी भरलेली सिरिंज मी वर पाठवली.
टाळ्याबिळ्या नाहीत. एक फॉर्म भरला गेला.
सकाळी रौटिओबाईंनी तो वाचला.
"गणित कुणी तपासलं?"
"गणित बरोबरच होतं," पा हुआ म्हणाली.
बाईंनी चष्मा काढला. पुसला नाही.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
त्यांनी आपला स्वतःचा एक आकडा सांगितला,
आणि एक तारीख.
त्या मी इथे लिहिणार नाही.

चौथ्या दिवशी मी ट्रे घेऊन वर गेलो.
आजोबा खुर्चीत झोपलेले, पोर खिडकीशी उभं.
या औषधाचा डोस चुकत राहिला
की कान जातात, हळूहळू, कुणाला न कळता.
बंदरात मोसमातलं पहिलं जहाज आलं,
भोंगा वाजला,
पोरानं मान वळवली.

खाली येऊन तिला सांगणार होतो.
पण ती पुढच्या बाळाच्या पिशवीतलं कॅल्शियम मोजत होती,
ओठ हलत होते,
आणि मोजणाऱ्याच्या मध्ये आम्ही बोलत नाही.